पाळी गेल्यानंतरचा इलाज तालुक्याच्या दवाखान्यात मिळालाच पाहिजे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाईचं नाव सरकारी आरोग्यखात्याच्या वहीत कधी कधी येतं ते पाहा. दिवस गेले की आशाताई दारात येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात, पुढं बाळंतपण, बाळाच्या लसी, मग ऑपरेशन. त्यानंतर तिशीपुढच्या बीपी-साखरेच्या यादीत तेवढं नाव राहतं. पाळी मागेपुढे व्हायला लागल्यापासून ती पूर्ण थांबून शरीर सावरेपर्यंतचा आठ-दहा वर्षांचा काळ मात्र कुणाच्याच रकान्यात नाही. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. याच वयात ती पहाटे धार काढून दूध डेअरीला पोचवत असते, उसाला खत टाकत असते, इचलकरंजीत कांड्या भरत असते, हुपरीत चांदीच्या साखळीला डाग देत असते. घरातल्या पोराचं लग्न आणि सासूचं आजारपण एकाच वेळी तिच्यावर असतं.

तिला रात्री झोप लागत नसेल, दिवसातून दहा वेळा अंग पेटत असेल, लघवीला जळजळत असेल, तर त्यावर परिणामकारक औषध आहे. हार्मोन थेरपी हे त्याचं नाव, म्हणजे पाळी जाताना शरीरात कमी होणारं हार्मोन बाहेरून देणं. योग्य बाईला योग्य वयात ती द्यायला एमबीबीएस डॉक्टर, बीपीचं यंत्र आणि वीस मिनिटं पुरतात. म्हणून ती चंदगड, राधानगरी, शाहूवाडीच्या सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर मिळाली पाहिजे. चंदगडच्या बाईनं त्यासाठी शंभराच्या वर किलोमीटर प्रवास करून कोल्हापूर का गाठावं?

आज काय होतं? बाई सांगते, ‘मॅडम, अंगातनं वाफा निघत्यात, रातीला पोलकं भिजून जातंय, जीव घाबरा हुतोय.’ बीपी मोजतात, साखर बघतात, छातीची पट्टी काढतात. इथवर बरोबरच आहे, छातीत धडधडणाऱ्या बाईचं हृदय तपासायलाच हवं. सगळं ठीक आलं की बी-कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियमची चिठ्ठी मिळते, कधी झोपेची गोळी. ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ हा एक प्रश्न राहून जातो. तो विचारला असता तर निदान तिथंच झालं असतं. पंचेचाळिशीपुढच्या बाईत पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल आणि ही लक्षणं असतील, तर रक्तातल्या एफएसएच या हार्मोनची महागडी तपासणी लागतच नाही. शिवाय या काळात हे हार्मोन आज वर, उद्या खाली असतं, त्यामुळं एका दिवसाचा आकडा फसवतोही. थायरॉइड मात्र एकदा पाहून घ्यावं, कारण त्याचीही लक्षणं अशीच असतात.

त्या वाफा येतात कुठून हे समजलं की इलाजही समजतो. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचं तापमान राखणारं केंद्र असतं. एरवी अर्ध्या अंशाच्या आसपास चढउतार झाली तरी ते गप्प बसतं. अंडाशयातून येणारं एस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी बेलगाम होतात आणि ही मोकळीक जवळजवळ संपते. चुलीपुढं बसलं, चहा घेतला, गर्दीच्या एसटीत चढलं, एवढ्यानंही शरीराला ‘फार तापलं’ असा निरोप जातो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, आणि एक ते पाच मिनिटांत उलट हुडहुडी भरते. हे मनाचे खेळ नाहीत. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांच्यात तो सरासरी सात वर्षांहून जास्त टिकतो, असं अमेरिकेतल्या दीर्घ पाहणीत दिसलं. ‘वर्षभर सोस, जाईल आपोआप’ हा सल्ला त्यामुळं बहुतेकींच्या बाबतीत खोटा ठरतो.

मग डॉक्टर हार्मोन का देत नाहीत? कारण आहे २००२ सालातलं. त्या जुलैत अमेरिकेतला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा मोठा अभ्यास अर्ध्यावर थांबवला गेला. १६,६०८ बायका त्यात होत्या. निम्म्यांना घोडीच्या मूत्रातून काढलेलं एस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाचं कृत्रिम संप्रेरक रोज एका गोळीतून दिलं जात होतं. स्तनाचा कर्करोग वाढतो, हृदयविकार वाढतो, अशा बातम्या जगभर गेल्या आणि औषधाच्या चिठ्ठ्या रातोरात बंद झाल्या. त्या काळात शिकलेली डॉक्टरांची पिढी आज वरिष्ठ आहे आणि तिनं पुढच्या पिढीला तीच भीती दिली.

त्या अभ्यासाचे आकडे नीट वाचले पाहिजेत. १०,००० बायकांनी वर्षभर औषध घेतलं तर स्तनकर्करोग ३० ऐवजी ३८ जणींना, पक्षाघात २१ ऐवजी २९ जणींना, आणि खुब्याचं हाड मोडणं १५ ऐवजी १० जणींना. वाढ खरी आहे, पण ती १०,००० मध्ये आठाची आहे. याहून महत्त्वाचं म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. अंगातून वाफा येणारी ४७ वर्षांची बाई आणि पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली ६३ वर्षांची बाई यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात. पुढच्या विश्लेषणांत वयानुसार फरक दिसला. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायद्याचं पारडं जड राहतं; त्यानंतर नव्यानं सुरू केलं तर धोका वाढत जातो. गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचा त्याच अभ्यासात वेगळा गट होता. त्यांना एकटं एस्ट्रोजेन दिलं होतं आणि त्यांच्यात स्तनकर्करोग वाढला नाही. ही बातमी मात्र आपल्याकडं पोचलीच नाही. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरच्या काळ्या चौकटीतले हृदयविकार, स्तनकर्करोग आणि स्मृतिभ्रंशाचे इशारे काढण्याचं जाहीर केलं. गर्भपिशवी असलेल्या बाईनं एकटं एस्ट्रोजेन घेऊ नये हा इशारा ठेवला, आणि तो राहायलाच हवा.

धोका शून्य आहे असं सांगणारेही फसवतात. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं रोज एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (गर्भपिशवीच्या अस्तराचं रक्षण करणारं हार्मोन) दोन्ही घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण ५० बायकांमागं एका जास्तीच्या बाईला स्तनाचा कर्करोग होतो. एकट्या एस्ट्रोजेननं हे प्रमाण २०० मागं एक. हे आकडे पाश्चात्य देशांतले आहेत, जिथं मुळात हा आजार आपल्यापेक्षा जास्त आहे. तरीही बाईला ते सांगायचेच. आकडे समोर ठेवले तर शिरोळमधली चौथी शिकलेली बाईसुद्धा ‘मला झोप पाहिजे’ किंवा ‘मला नको’ हे नीट ठरवू शकते. ठरवायचा हक्क तिचा आहे.

कुणाला द्यायचं नाही हे स्पष्ट आहे. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, अंगावरून जाण्याचं कारण सापडलेलं नसेल, यकृताचा चालू आजार असेल, पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर हार्मोन नाही. अशा बायकांना मोकळ्या हातानं परत पाठवायचं नाही, त्यांच्यासाठी रात्री गॅबापेन्टिन किंवा कमी मात्रेत व्हेन्लाफॅक्सिन अशी दुसरी औषधं आहेत. मधुमेह किंवा आटोक्यात असलेलं बीपी ही अडचण नाही. तिथं तोंडावाटे गोळी टाळून कातडीवरचं जेल द्यायचं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल थेट रक्तात जातं, त्यामुळं आजवरच्या निरीक्षणांत त्यानं गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. आपल्याकडं चाळिशीपुढं बीपी, साखर आणि वजन इतकं वाढलेलं असताना सरकारी खरेदीत जेलच आधी यायला हवं. ते गोळीपेक्षा महाग पडतं हे खरं, पण स्वस्त म्हणून सगळ्यांना गोळी देणं चुकीचं ठरेल.

पहिल्या भेटीत काय करायचं? शेवटची पाळी, पिशवी आहे की काढली, अंडाशय ठेवले का, घरात आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग, पायाला सूज येऊन गुठळी झाली होती का, अर्धशिशी, आणि मिश्री. तंबाखू खाता का विचारलं तर बाई नाही म्हणते, मिश्री लावता का विचारलं तर हो म्हणते. म्हणून दोन्ही विचारायचं. मग बीपी, वजन, हातानं स्तनतपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी, साखर आणि चरबी. मॅमोग्राफीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावं. स्तनात गाठ लागली किंवा घरात तसा इतिहास असेल, तर तिचा निकाल हातात आल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही.

जेल लावायची रीत दाखवून द्यावी लागते, सांगून भागत नाही. ०.०६ टक्क्यांच्या जेलचा १.२५ ग्रॅमचा एक डोस, त्यात ०.७५ मिलिग्रॅम एस्ट्राडिओल, म्हणजे एस्ट्रोजेनच. सुरुवात एका डोसनं, सहा-आठ आठवड्यांत आराम नसेल तर दोन. आंघोळ झाल्यावर कोरड्या कातडीवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला खांद्यापासून कोपरापर्यंत किंवा मांडीवर पातळ पसरायचं. चोळायचं नाही, पाच मिनिटं वाळू द्यायचं, मग पोलक्याची बाही खाली करायची. स्तनावर कधीच लावायचं नाही. आधी खोबरेल तेल लावलं असेल तर जेल नीट शिरत नाही. पहाटे धारेच्या गडबडीत लावून लगेच आंघोळ केली तर अर्धं औषध मोरीत जातं. तासभर पाणी लागता कामा नये. हात साबणानं धुवायचे आणि मगच नातवाला उचलायचं किंवा म्हशीच्या सडाला हात लावायचा. ‘मला जेलनं काही फरक नाही’ म्हणणाऱ्या बाईची मात्रा वाढवायच्या आधी तिला समोर लावून दाखवायला सांगावं. चूक बहुधा तिथंच सापडते.

पण सगळ्यात घातक चूक दुसरीच. एस्ट्रोजेन गर्भपिशवीचं अस्तर वाढवतं, म्हणून पिशवी असलेल्या बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर मायक्रोनाइज्ड (बारीक कणांच्या) प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रोज रात्री १०० मिलिग्रॅम, पाळी अजून मधूनमधून येत असेल तर महिन्यातल्या १२ ते १४ रात्री २०० मिलिग्रॅम. ही कॅप्सूल गुंगी आणते, म्हणून झोपतानाच घ्यायची. झोप हरवलेल्या बाईला तो फायदाच असतो. निरीक्षणात्मक अभ्यासांत जुन्या कृत्रिम संप्रेरकांपेक्षा तिच्यासोबत स्तनाचा धोका कमी दिसला आहे. अडचण अशी की आपल्याकडं ही कॅप्सूल गरोदरपणात सर्रास देतात. औषध दुकानात कुणी ‘ही तर दिवस गेल्यावर घेतात’ म्हणालं की बाई लाजून ती सोडते आणि बरं वाटतंय म्हणून जेल तेवढं चालू ठेवते. अस्तर महिनोन्‌महिने वाढत राहतं, आणि एक दिवस अंगावरून जायला लागतं. हे टाळायला दोन्ही औषधं एकाच पाकिटात, एकाच चिठ्ठीवर, सरकारी खिडकीतूनच द्यावीत आणि ‘एक बंद तर दोन्ही बंद’ हे मराठीत छापावं. गोळी लक्षात राहत नाही अशा बाईला लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारी तांबी (साधी तांब्याची नव्हे) हा चांगला पर्याय आहे, पाच वर्षं अस्तराचं रक्षण होतं. सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत थोडं डाग लागणं चालतं. त्यानंतर लागलं, किंवा औषध न घेताही पाळी गेल्यावर एकदा जरी लागलं, तर सोनोग्राफी करायची आणि अस्तर चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासायला पाठवायचा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: हे गर्भनिरोधक नाही. शेवटच्या पाळीनंतर पन्नाशीच्या आत दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

योनीतला कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग याबद्दल बाई स्वतःहून बोलत नाही. वाफा काही वर्षांनी कमी होतात, हा त्रास मात्र वाढत जातो. यावर एस्ट्रिओल या सौम्य एस्ट्रोजेनची मलम योनीत लावायची असते, पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. इतकं थोडं औषध रक्तात जातं की जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही, आणि साठी-सत्तरीतही ते सुरू करता येतं. दर दोन महिन्यांनी लघवीचा संसर्ग होऊन अँटिबायोटिकचे कोर्स घेणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना ही मलम मिळाली तर त्यातले कितीतरी कोर्स वाचतील. लोहाच्या गोळ्यांइतक्या सहज ही मलम प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी असं माझं ठाम मत आहे.

आता पिशवीचा प्रश्न. जास्त अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, म्हणून तिशी-पस्तिशीत ‘पिशवी काढून टाका’ असं आपल्याकडं सहज सांगितलं जातं, आणि अनेकदा अंडाशयही सोबत काढले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अहवाल दिला: पाहणीतल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून हीच माणसं कोल्हापूर, सांगलीच्या कारखान्यांकडं येतात. कारखान्याच्या तळावर कोपीत राहणाऱ्या त्या बायकांमध्ये तिशीतच अंडाशय गेलेल्या बायकाही आहेत. नैसर्गिक पाळी जाते तेव्हा हार्मोन काही वर्षांत हळूहळू उतरतं. अंडाशय काढले की ते एका दिवसात नाहीसं होतं. पस्तिशीत असं झालेल्या बाईची हाडं लवकर झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तिला निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देणं ही सवलत नाही, शरीरातून काढून घेतलेलं परत देणं आहे. २००२ चा धोका तिला लागूच होत नाही. पिशवी नाही म्हणून तिला एकटं एस्ट्रोजेन पुरतं. इलाज सर्वात सोपा आणि गरज सर्वात मोठी. तरी डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या या बाईला कंबरदुखीसाठी वेदनाशामक गोळीच मिळते. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंडाशय काढले की ठेवले हे मराठीत लिहून बाईच्या हातात देणं प्रत्येक रुग्णालयाला सक्तीचं करावं. बहुतेकींना ते माहीतच नसतं.

‘आमच्या आया-आज्ज्यांनी कुठं हार्मोन घेतलं?’ हा आक्षेप हमखास येतो. त्यांनी सोसलं, आणि अनेकजणी खुबा मोडून अंथरुणाला खिळल्या. त्याला आपण म्हातारपण म्हणालो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वात वेगानं होते. निसर्गक्रम आहे म्हणून चाळिशी लागलेल्या डोळ्यांना आपण चष्मा नाकारत नाही.

दुसरं म्हणजे काढे, सोयाच्या गोळ्या, ‘हार्मोन बॅलन्स’ची चूर्णं. यांनी बरं वाटलं म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. हार्मोन थेरपीच्या चाचण्यांत नुसती बनावट गोळी घेतलेल्या बायकांच्या वाफाही निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या. काळ, आशा आणि कुणीतरी ऐकून घेतलं याचाच तो परिणाम. खऱ्या औषधानं त्याच्यापुढं जाऊन पाऊण हिश्श्यानं वाफा कमी केल्या. म्हणून पैसे घेऊन विकलेल्या चूर्णाचा पुरावा ‘शेजारणीला फरक पडला’ एवढाच असेल, तर तो पुरावा नव्हे. त्याच कठोरपणे शहरांतल्या चकचकीत दवाखान्यांकडंही पाहायला हवं, जिथं तारुण्य टिकवण्यासाठी हार्मोन विकलं जातं. स्मरणशक्तीसाठी, हृदयविकार टाळण्यासाठी, सुरकुत्यांसाठी हे औषध नाही. लक्षणं नाहीत, पाळी वेळेवर गेली, हाडं चांगली आहेत, तर त्या बाईला औषधाची गरजच नाही.

सरकारी यंत्रणेत यासाठी नवी इमारत लागत नाही. तिशीपुढच्यांच्या तपासणीसाठी आशाताई जो कागद भरते, त्यात तीन प्रश्न वाढवावेत: शेवटची पाळी कधी, अंगातून वाफा किंवा रात्री घाम येतो का, पिशवी किंवा अंडाशय काढले आहेत का. गरोदर बायकांसाठी ९ तारीख आहे, तशी चाळिशीपुढच्या बायकांसाठी महिन्यातली एक ठरलेली तारीख प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी, तीही बाजाराच्या दिवशी, म्हणजे बाई तशीही तालुक्याला आलेली असते. त्या दिवशी स्त्री डॉक्टर, पडदा असलेली खोली आणि जेल, कॅप्सूल, मलम ही तीन औषधं. गुंतागुंत असलेली बाई कोल्हापूरला सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवायची, बाकीच्यांना तीन महिन्यांनी परत बोलवायचं: बीपी, वजन, डाग लागतो का, वाफा किती. मग वर्षातून एकदा, आणि दर वेळी ‘अजून गरज आहे का’ हा प्रश्न. बंद करायची ठराविक तारीख नसते. हळूहळू कमी करून पाहायचं, त्रास परतला तर बाईशी बोलून ठरवायचं. ऊसतोडीच्या बाईसाठी तीन महिन्यांचा साठा आणि छापील कार्ड एकदमच द्यावं, म्हणजे हंगाम संपून ती गावी गेली तरी तिथल्या दवाखान्यात तेच औषध चालू राहील.